हंकाकू आणि बादल्यांचा फॉर्म

आमच्या पाहणी कार्यालयात अकरा बायका होत्या आणि त्यांतली सगळ्यांत हुशार मी होते. हे माझंच मत होतं, पण साहेबांचंही तेच होतं, त्यामुळे त्याला वजन होतं. घरोघर जायचं, बायकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं छापील फॉर्मवर भरून आणायची, हे आमचं काम. पाणी कुठून येतं, मुलं किती, दवाखाना किती लांब, असे साधे प्रश्न आधी. शेवटी चौदा प्रश्नांचा एक वेगळा भाग होता, त्याला आम्ही 'मागचं पान' म्हणायचो. मनाविरुद्ध कुणी हात लावला का, जबरदस्ती केली का, घरात, नात्यात, कामावर, रस्त्यात, असं सगळं त्या पानावर होतं. त्या पानाचं नाव काढलं की आमच्यातल्या निम्म्या जणींना घाम फुटायचा. मला नाही फुटायचा. मी ते चार मिनिटांत संपवायचे.

हंकाकूंना तेच पान संपवायला पाऊण तास लागायचा.

हंकाकू आमच्यात सगळ्यांत वयस्कर, चौपन्न वर्षांच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच राहिलं. कुणी काहीही सांगायला लागलं की त्या फक्त "हं" म्हणायच्या. मान हलवायच्या नाहीत, "अरेरे" नाही, "मग?" नाही, नुसतं "हं". तेही असं, की समोरच्याला वाटावं आपण अजून बोलायला सुरुवातच केलेली नाही. एकदा मी त्यांना सहज म्हटलं की आज डोकं दुखतंय, आणि वीस मिनिटांनी बघते तो माझ्या धाकट्या नणंदेने माझी कात्री परत केली नाही इथपर्यंत सगळं त्यांना सांगून झालं होतं.

ही सवय त्यांना लागली टाचण्यांमुळे. त्याआधी बावीस वर्षं त्या बायकांचे कपडे शिवायच्या. बाजारामागच्या गल्लीत दहा बाय आठचं दुकान, त्यात एक यंत्र, एक उभा आरसा आणि माप घ्यायला पडद्यामागे एवढीशी जागा. माप घेताना, कापड अंगावर टाचताना तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या. ओठांत सहा टाचण्या असल्यावर माणूस काय बोलणार? "हं" एवढंच बोलता येतं. आणि पडद्यामागे उभी राहिलेली बाई काकूंकडे बघायची नाही, आरशात बघायची, आणि आरशाशी बोलल्यासारखी बोलत सुटायची. बावीस वर्षांत त्या पडद्यामागे काय काय बोललं गेलं ते काकू जाणोत. डोळ्यांनी सुईत दोरा जाईना तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि वर्तमानपत्रातली आमची जाहिरात बघून अर्ज टाकला.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं की या कामाचा अनुभव काय. काकूंनी सांगितलं, "या भागातल्या निम्म्या बायकांची मापं मला पाठ आहेत. आजवर एकीचं दुसरीला कळलेलं नाही." साहेबांनी लगेच घेतलं. साहेब तसे चांगले गृहस्थ. आकड्यांचा माणूस, प्रत्येक बेरजेखाली पट्टीने दोन रेघा मारणारा. पण माणसापेक्षा बेरजेशी त्यांचं जास्त जमायचं.

घरी काकू आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच. दोघींचं रेडिओच्या आवाजावरून रोज भांडण. बहिणीला कमी ऐकू येतं आणि ती ते कबूल करत नाही. काकूंना सगळं ऐकू येतं आणि त्याही ते कबूल करत नाहीत. काकू सायकलवर यायच्या. सायकलच्या सीटला त्यांनी फुलाफुलांचं कव्हर शिवलेलं होतं, आणि त्यांच्या प्रत्येक झग्याला पुढे दोन खिसे, एवढे मोठे की त्यात फॉर्मांचा गठ्ठा घडी न घालता मावायचा. हसायच्या ते गडगडाटी. जिन्यात हसल्या की वरच्या मजल्यावर साहेबांची पट्टी थांबायची.

तर पाहणीची पहिली फेरी संपली आणि साहेबांनी बेरजा मारल्या. बहुतेक जणींच्या पन्नासेक फॉर्मांत मागच्या पानावर तीन, चार, फार तर पाच ठिकाणच्या बायकांनी "हो" म्हटलेलं. माझ्या साठ फॉर्मांत शून्य. साहेबांनी माझा गठ्ठा सगळ्यांना दाखवला. खाडाखोड नाही, एकही चौकट रिकामी नाही, एका फॉर्मला अठरा मिनिटं. मला त्यांनी सहा महिन्यांसाठी पर्यवेक्षक केलं, आणि पुढे कायम करायचं पत्रही टाइप करून ठेवलं. मी त्या आठवड्यात जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

हंकाकूंच्या अठ्ठेचाळीस फॉर्मांत एकोणीस "हो" होते.

साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लोटलं. एकोणिसाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या नव्हत्या, वर्तुळ काढलं होतं. त्यांचं म्हणणं असं की एकाच शहरात, शेजारशेजारच्या गल्ल्यांत, एकीला शून्य आणि दुसरीला एकोणीस कसे सापडतील? पण खरी पंचाईत पुढे होती. काकूंच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात चुकून आणखी एकतीस कागद आले होते. वर काकूंच्या अक्षरात मथळा: 'घरातील बादल्यांची पाहणी'. खाली चौसष्ट प्रश्न. बादल्या किती, रंग कोणता, कडी लोखंडी की प्लास्टिकची, तळ गळतो का, गळत असल्यास किती वेळात रिकामी होते, शेवटची बादली कुणी आणली, ती आणण्याआधी घरात चर्चा झाली होती का. आणि एकतीसच्या एकतीस कागद अगदी शेवटपर्यंत भरलेले.

"असली पाहणी आपण कधी काढलीच नाही," साहेब म्हणाले. "जी बाई बसल्या जागी एकतीस घरांच्या बादल्या मनाने लिहू शकते, तिने एकोणीस 'हो' मनाने लिहिले नसतील कशावरून?"

मला तेव्हा ते अगदी पटलं. ठरलं असं की मी काकूंच्या दहा घरी पुन्हा जायचं आणि मागचं पान पुन्हा विचारायचं. दहांपैकी आठ ठिकाणी उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर काकूंचे सगळे अठ्ठेचाळीस फॉर्म रद्द, आणि काकूही रद्द. शिवाय खोटे फॉर्म भरणारी म्हणून त्यांचं नाव सगळ्या कार्यालयांत जाणार.

पहिल्या दिवशी मी तीन घरं केली. तिन्ही ठिकाणी मला चहा मिळाला, तिन्ही ठिकाणी मला मान मिळाला, आणि तिन्ही ठिकाणी मागच्या पानावर ओळीने "नाही" मिळालं. एका घरी सासूबाई शेजारीच बसून उशीचे अभ्रे दुरुस्त करत होत्या, दुसरीकडे नवरा दारात बूट पुसत होता. मी काही त्यांना उठवलं नाही. आपण पाहुणे, त्यांचं घर. काकूंच्या फॉर्मवर मात्र या तिघींचे "हो" होते. मला काकूंचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, आणि वाईट वाटताना थोडं बरंही वाटलं. शून्यच खरं निघालं होतं, आणि शून्य माझं होतं.

हे गुपित ठेवायचं होतं. पण माझ्या पोटात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाबाहेरच्या बाकावर काकू डबा उघडून बसल्या होत्या, तिथे जाऊन मी सगळं सांगून टाकलं. वर्तुळ, बादल्या, तीन घरं, आठाची अट. काकू म्हणाल्या, "हं." मी आणखी सांगितलं. संपल्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्या चिडतील, रडतील, देवाशपथ म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तू कसं विचारलंस गं?"

"कसं म्हणजे? फॉर्मवर आहे तसं."

"मला विचार. मी त्या घरातली बाई आहे असं समज."

मी पान उघडलं आणि नेहमी म्हणते ते म्हटलं. हे वाक्य माझं स्वतःचं होतं आणि मला त्याचा अभिमान होता, कारण ते म्हटलं की कुणी रागवत नसे. "ताई, आता पुढचे प्रश्न जरा तसले आहेत हं. तुमच्यासारख्यांच्या घरी असलं काही नसतं, मला माहीत आहे, पण आम्हाला विचारावं लागतं. वाईट वाटून घेऊ नका. मनाविरुद्ध कुणी कधी काही... नाही ना?"

"नाही," काकू म्हणाल्या.

मी पुढचा प्रश्न विचारला. नाही. पुढचा. नाही. चौदा वेळा नाही, चार मिनिटांत. मी पान मिटलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"आता ऐक," काकू म्हणाल्या. "त्यातल्या दोन प्रश्नांचं माझं खरं उत्तर 'हो' होतं. एकोणीस वर्षांची होते. कोण ते विचारू नकोस, तुझ्या यादीत तो प्रश्न नाहीये."

मी मिटलेलं पान पुन्हा उघडलं.

"आणि मला तुला 'हो' म्हणावंसंही वाटलं होतं. पण तुला 'नाही' हवं होतं ना. तुझा चेहरा इतका गोड झाला होता, म्हटलं कशाला बिचारीला अडचणीत टाका."

त्या हसल्या, नेहमीसारख्याच, गडगडाटी. मला मात्र बाकाच्या फटीतून खाली जावंसं वाटत होतं. साठ घरं. साठ घरी मी ते गोड वाक्य म्हटलं होतं. एकेका बाईच्या तोंडाला मी आपल्या हाताने कुलूप घातलं होतं आणि वर चहा पिऊन आले होते.

मग मी बादल्यांचं विचारलं. काकूंनी खिशातून कोरा बादली-फॉर्म काढला. शिकवताना आम्हाला सांगितलेलं होतं की मागचं पान बाई एकटी असतानाच विचारायचं, दुसरं कुणी आलं तर विषय बदलायचा. पण माणसं उठत नाहीत, हे शिकवणाऱ्यांना कुठे ठाऊक होतं? सासू उठत नाही, नवरा उठत नाही, शेजारीण तर मुद्दाम येते. "जा" म्हटलं तर सगळ्यांना कळतं की काहीतरी आहे. म्हणून काकूंनी असा फॉर्म तयार केला की माणूस आपणहून पळावा. आधी घरातल्या मोठ्या माणसाला मानाने बसवायचं आणि बादल्यांचे प्रश्न सुरू करायचे. साधारण बाराव्या प्रश्नाला नवऱ्याला कुठेतरी जायचं आठवतं. विसाव्या प्रश्नापर्यंत सासू टिकते. जो टिकतो त्याला बादल्या मोजायला मोरीकडे पाठवायचं.

"पण मग सगळे भरलेले कशाला?" मी विचारलं.

"पळालेला माणूस परत येतो आणि राहिलेले प्रश्न आपणहून पुरे करतो. लोकांनी एवढं मनापासून सांगितलेलं लिहायचं नाही म्हणजे काय?" काकू म्हणाल्या. "खोटंखोटं ऐकणं मला जमत नाही."

मग त्यांनी फॉर्म परत खिशात ठेवला, आणि त्यांच्या मनाला पहिल्यांदाच लागलेलं मला दिसलं. नोकरी गेली तर जाऊ दे, त्या म्हणाल्या, बहिणीचा रेडिओ दिवसभर ऐकेन. पण त्या एकोणीस जणींपैकी बहुतेकींनी ते आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. "मी शब्द दिला होता, की तुमचं नाव कुठे जाणार नाही, पण तुमचं मोजलं जाईल. आता ते केरात गेलं तर मी त्यांना फसवलं असं होईल."

चौथ्या घरी आम्ही दोघी गेलो. काकूंनी आतल्या खोलीत यायचं नाही, प्रश्न मीच विचारायचे, असं ठरवून. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा पहिला मजला. दार सासऱ्यांनी उघडलं. गोदामात आयुष्यभर मालाच्या नोंदी ठेवून निवृत्त झालेले उंच म्हातारे. काकूंना बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"बादल्यांच्या बाई, मी तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले. "मागच्या वेळची नोंद आता चुकीची आहे. निळी फुटली. हिरवी आणलीय."

मी तिथेच उंबऱ्यावर उभी राहून मनात एकतीस कागद उलटले. म्हणजे बादल्या खऱ्या होत्या. प्रत्येक कडी, प्रत्येक गळका तळ. काकूंनी मनाने काहीही लिहिलेलं नव्हतं.

काकूंनी गंभीरपणे फॉर्म काढला, सासरेबुवा चष्मा शोधून आले, आणि बाहेरच्या खोलीत पाहणी सुरू झाली. मी आतल्या खोलीत गेले. सून इस्त्रीच्या टेबलापाशी चादरींच्या घड्या घालत होती. मी तिला सांगितलं की पूर्वीचेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत, उत्तर द्यायची सक्ती नाही, मध्येच थांबली तरी चालेल. मग पान उघडलं आणि छापलेला प्रश्न छापलाय तसा वाचला. गोड वाक्य गिळलं. ते गिळायला किती जड गेलं म्हणून सांगू. प्रश्न उघडावाघडा, सरळ, कुठेही मऊ न केलेला, आणि वाचून झाल्यावर मला गप्प बसायचं होतं.

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. ती घडी घालत राहिली. मला वाटलं ती रागावली. मला वाटलं तिला समजलं नाही, समजावून सांगावं. मला वाटलं निदान "नसेल सांगायचं तर राहू दे" एवढं तरी म्हणावं. मी जीभ दातांत धरली आणि तिच्या चादरीवरचे चौकोन मोजले. सत्तेचाळीस मोजून झाले होते. मग ती बोलायला लागली.

तिने काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. त्यात या घरातलं कुणी नव्हतं एवढं सांगायला हरकत नाही, नाहीतर बाहेरच्या त्या भल्या म्हाताऱ्यावर तुम्ही उगाच संशय घ्याल. काकूंच्या फॉर्मवर तीन प्रश्नांना "हो" होतं. माझ्या फॉर्मवरही तीन आले, त्याच तीन प्रश्नांना. ती बोलत असताना मध्येच बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "कडी लिहा लोखंडी, पण वरून प्लास्टिक. त्याला रकाना नाही का?" आणि ती डोळे पुसता पुसता खुदकन हसली. मीही हसले. असं हसू येईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी रागावले असते. निघताना मी तिला मदतीच्या क्रमांकाची चिठ्ठी दिली, बसच्या तिकिटाएवढी घडी करून. ती म्हणाली, मागची अजून माझ्याकडे आहे.

उरलेली सहा घरं मी तशीच केली. आता निकाल सांगते, आणि तो काही फार सुरेख नाही. सातांपैकी पाच जणींची उत्तरं काकूंच्या फॉर्मशी जुळली. सहावी या वेळी "नाही" म्हणाली. तिचा नवरा त्या आठवड्यात परगावाहून परत आला होता आणि पलीकडच्या खोलीत झोपला होता. सातवीने मागच्या वेळेपेक्षा एक "हो" जास्त सांगितला. मागच्या वेळी ते आठवायचं नव्हतं, असं म्हणाली. आणि पहिल्या दिवशी मी स्वतःच्या हाताने घालवलेल्या तीन होत्याच. त्यांच्याकडे पुन्हा जाता येत नव्हतं, तिसऱ्यांदा कुणाचं दार वाजवायचं नाही असा नियम होता. तो नियम बरोबरच आहे.

म्हणजे दहांत पाच. हवे होते आठ.

साहेबांकडे जायच्या आधी मी कपाटातून माझा साठ फॉर्मांचा गठ्ठा काढून घेतला. खाडाखोड नसलेला, एकही चौकट रिकामी नसलेला. साहेबांनी माझ्या कागदावरचे पाच पाहिले आणि पट्टी उचलली. मी म्हटलं, जरा थांबा. आणि सगळं सांगितलं. बादल्या, बाक, गोड वाक्य, हिरवी बादली. काकूंच्या दोन उत्तरांबद्दल बोलले नाही; तेवढं पोटात ठेवायला मी तोवर शिकले होते.

साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि नेमकं तेच विचारलं जे मला नको होतं. "एकच बाई एका महिन्यात 'हो' म्हणते आणि दुसऱ्या महिन्यात 'नाही'. दुसरी एक जास्तच सांगते. मग यातलं खरं कोणतं मानायचं?"

मी रात्रभर त्याचाच विचार केला होता. म्हटलं, साहेब, "नाही" म्हणायला बाईकडे शंभर कारणं असतात. शेजारी सासू असते, विचारणारी घाईत असते, दार उघडं असतं, आठवायचं नसतं, समोरची नाराज होईल असं वाटतं. "हो" म्हणायला कारण काय? मिळतं काय तिला? बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी. काकूंचे एकोणीस जास्त नाहीत. असले तर कमीच आहेत. शंकाच घ्यायची तर या गठ्ठ्याची घ्या. आणि मी माझे साठ त्यांच्या टेबलावर ठेवले.

"हे तर आपले सगळ्यांत स्वच्छ फॉर्म," साहेब म्हणाले.

"मी विचारलंच नाही, म्हणून स्वच्छ."

त्यांनी गठ्ठा उघडला. एक पान, दुसरं पान, तिसरं. सगळीकडे ओळीने नुसते 'नाही'. टेबलाच्या कोपऱ्यात मला कायम करायचं पत्र होतं, सही तेवढी राहिलेली. मला ते दिसत होतं आणि मला ते हवं होतं, हेही सांगून टाकते. हवं नव्हतं असं म्हणण्याइतकी मी थोर नाही.

"इतकी वर्षं मी फक्त 'हो' तपासले," साहेब शेवटी म्हणाले. "कुणाचे 'नाही' तपासायला कधी माणूस पाठवला नाही."

पत्र त्यांनी खणात टाकलं. काकूंच्या गठ्ठ्यावरचं वर्तुळ खोडलं, एकोणिसाखाली पट्टीने दोन रेघा मारल्या, आणि माझा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. हे साठ रद्द, सगळे पुन्हा करायचे, एका फॉर्मला लागेल तेवढा वेळ लागू दे. त्यांना अजून एक गोष्ट विचारायची होती, ती त्यांनी जरा चाचरतच विचारली: त्या बादल्यांच्या फॉर्मची एक कोरी प्रत मिळेल का, बाकीच्या नऊ जणींसाठी.

काकू बाकावर बसल्या होत्या. नोकरी राहिली का हे त्यांनी विचारलंच नाही. "एकोणीस राहिले?" एवढं विचारलं. मी म्हटलं राहिले. त्यांनी डोळे मिटले. मग खिशात हात घालून मला एक बिस्किट दिलं आणि म्हणाल्या की आता रडतबिडत बसू नकोस, साठ घरं म्हणजे काही थोडी नाहीत, एक नंबरपासून सुरुवात कर.

एक नंबरचं घर म्हणजे शाळेमागच्या चाळवजा इमारतीतल्या दोन खोल्या. तिथली बाई माझ्याच वयाची, दवाखान्यात कपडे धुण्याच्या विभागात कामाला. मागच्या वेळी अठरा मिनिटांत झालं होतं, आणि निघताना तिने मला तिच्या कुंडीतलं एक फूल दिलं होतं, हे मला चांगलं आठवत होतं. या वेळी घरात ती एकटीच होती, नुकतीच कामावरून आलेली, हाताला साबणाचा वास. मी सांगितलं की तेच प्रश्न पुन्हा विचारायला आलेय. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली.

मग ती दारापाशी गेली, कडी लावली आणि तशीच दाराला टेकून उभी राहिली.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "कागदावर खोटं लिहवून घेतलं. त्याचं काही होत नाही ना हो? मला तेव्हापासून धास्ती आहे."

चार महिने. चार महिने ही बाई माझ्या गुन्ह्याची धास्ती घेऊन कपडे धूत होती, आणि मी पर्यवेक्षक म्हणून मिरवत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि तरी, कसं सांगू, मनात कुठेतरी आनंदही झाला, की आले. उशिरा का होईना, पण आले.

"खोटं तुम्ही बोलला नाहीत," मी म्हटलं. "मी विचारलंच नव्हतं. आज विचारते."

ती येऊन समोर बसली. मी तो जुना फॉर्म तिच्यादेखत फाडला, नवा काढला, आणि पहिला प्रश्न वाचला.